हाड जुळले, हात बरा झाला का?

मनगट मोडले की सर्वांचे लक्ष हाडाकडे लागते. काही आठवड्यांनी प्लास्टर निघते, क्ष-किरण चित्रात हाड जुळलेले दिसते आणि रुग्ण बरा ठरतो. परंतु बरे होणे ही केवळ हाडाची गोष्ट आहे काय?

डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली या अस्थिभंगाचे वर्णन केले. क्ष-किरणांचा शोध तेव्हा ८१ वर्षे दूर होता. मनगटाचा बाक जन्मभर राहिला, तरी कालांतराने हात मोकळा हलतो व वेदना जाते, असे त्यांचे मत होते. म्हणजे हाताचा आकार निराळा आणि उपयोग निराळा. उलटही घडते : चित्र निर्दोष असते, पण पोळी लाटताना कळ येते. ती कळ चित्रात दिसत नाही. रुग्णालाच विचारावी लागते.

यासाठी कॅनडातील जॉय मॅकडर्मिड यांची प्रश्नावली १९९८ साली प्रसिद्ध झाली. तीत १५ प्रश्न असून गेल्या आठवड्याचा अनुभव ध्यानात घेऊन प्रत्येकाला ० ते १० गुण द्यायचे. पाच प्रश्न वेदनेचे, त्यांचे गुण ५०. दहा प्रश्न कामांचे. त्यांची बेरीज निम्मी करायची, म्हणजे तेही ५०. समजा, वेदनेचे १८ आणि कामांचे ४४ गुण झाले, तर १८ अधिक २२ म्हणजे ४०. आपल्या परीक्षेच्या उलट, येथे गुण जितके कमी तितके चांगले! सुमारे साडेअकरा गुण उतरले की रुग्णाला खरा फरक जाणवतो, असे २०१५ च्या एका अभ्यासात आढळले.

मूळ प्रश्नांत सुरीने मांस कापणे आणि शौचानंतर कागद वापरणे हीही कामे आहेत. आमच्या महालातील एखाद्या आजीबाई यावर काय उत्तर देणार? त्यांना विचारावे ते कणिक मळता येते का, लुगडे पिळता येते का, हात टेकून जमिनीवरून उठता येते का. शिवाय ‘दुखते का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारी बाई ‘ठणकते का?’ म्हटल्यावर ‘रात्रभर’ म्हणते. २०१२ साली या प्रश्नावलीचे हिंदी रूप प्रसिद्ध झाले, तेही नुसते भाषांतर नव्हते. बदललेले प्रश्न रुग्णांवर पुन्हा पारखून घ्यावे लागतात. नाहीतर आकडा येतो, पण तो कशाचा हे कळत नाही.

हाड जोडणे हे वैद्यकाचे काम आहे. पण आजीबाईंना नेमके काय विचारावे, हा प्रश्न भाषेचा आहे, आणि म्हणून मला वाटते, तो आपल्या कलाशाखेचाही आहे.