पुस्तक ऐकण्याविषयीचे गैरसमज

पनवेलहून सीएसएमटीला जाणाऱ्या लोकलमध्ये तासाभराहून जास्त वेळ मिळतो, पण गर्दीत पुस्तक उघडायला जागा मिळत नाही. अशा वेळी पुस्तक ऐकता येतं. तरीही नेरुळ-बेलापूरमधली कपाटभर पुस्तकं जपणारी कितीतरी माणसं ऑडिओबुकला नाकं मुरडतात.

‘ऐकणं म्हणजे वाचनातली पळवाट’ हा सगळ्यांत घट्ट बसलेला गैरसमज. २०१६ साली अमेरिकेत बेथ रोगोव्स्की आणि सहकाऱ्यांनी प्रौढांना एकाच पुस्तकातला मजकूर दिला. काहींनी तो ई-पुस्तकात वाचला, काहींनी ऐकला, काहींनी ऐकता ऐकता वाचला. लगेच आणि दोन आठवड्यांनी घेतलेल्या चाचण्यांत तिन्ही गटांच्या आकलनात लक्षणीय फरक आढळला नाही. आपल्याला तर हे नवं वाटायलाच नको. व. पु. काळे, शंकर पाटील, द. मा. मिरासदार यांच्या कथाकथनाला महाराष्ट्राने गर्दी केली, आणि त्या ऐकलेल्या कथांना कुणी दुय्यम मानलं नाही.

मात्र सगळंच ऐकून भागतं, हाही गैरसमजच. २०१० सालच्या एका प्रयोगात मानसशास्त्राचा पाठ ऐकणारे विद्यार्थी तो वाचणाऱ्यांपेक्षा चाचणीत मागे पडले. अवघड ओळीवर डोळे आपसूक थांबतात, मागे वळतात. आवाज मात्र पुढेच जात राहतो. म्हणून अभ्यासाचं पुस्तक कागदावरच बरं.

‘ही सोय फक्त दृष्टिहीनांसाठी’ हे एकेकाळी बरंचसं खरं होतं. बोलकी पुस्तकं १९३० च्या दशकात अमेरिका-ब्रिटनमध्ये त्यांच्यासाठीच सुरू झाली. पण २०१७ साली स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं ॲप भारतात आलं आणि मराठी कथा-कादंबऱ्या कुणालाही मोबाइलवर मिळू लागल्या.

‘माझं लक्षच लागत नाही’ ही तक्रार खरी आहे, पण तेवढ्यावरून ऐकणं आपल्याला जमणारच नाही, असं ठरवू नये. लक्ष वाचतानाही उडतं, तेव्हा आपण परिच्छेद पुन्हा वाचतो. इथेही काही सेकंद मागे नेणारं बटण बिनदिक्कत दाबावं. निवेदकाचा आवाज रुचतो का, हे नमुना ऐकून आधीच पाहावं. वेग जास्त वाटला तर कमी करावा. सुरुवात मात्र गोंगाटाच्या लोकलमध्ये नको, तिथे आवाज वाढवावा लागतो आणि कानांना त्रास होतो. भांडी घासताना किंवा नेरुळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ उद्यानात फेऱ्या मारताना ऐकावं.

आई-बाबांना ही सवय लावायची असेल, तर त्यांच्यासाठी नवं गाजलेलं पुस्तक शोधू नका. त्यांनी अनेकदा वाचलेलंच एखादं लावून द्या. कथानक ठाऊक असलं की चार वाक्यं निसटली तरी धागा तुटत नाही.