जुन्या जीपचा पंखा : पट्ट्याचा की विजेचा?

शाळेच्या या स्मृतिव्याख्यानमालेत मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने मोटारीच्या इंजिनाविषयी बोलावे, हे काही श्रोत्यांना विपरीत वाटेल. परंतु ही माला ज्या विज्ञानशिक्षकांच्या स्मरणार्थ चालते, त्यांचा आग्रहच असा होता की, यंत्राचे काम मातृभाषेत सांगता आले पाहिजे. शिवाय मी स्वतः बरीच वर्षे जुनी जीप बाळगून असल्यामुळे आपले माजी विद्यार्थी मला एक प्रश्न वारंवार विचारतात : जुन्या जीपचा पट्ट्यावर फिरणारा पंखा काढून तेथे विजेचा पंखा बसवावा काय? प्रश्न किरकोळ दिसतो. पण निर्णय चुकला तर त्याची किंमत चोर्ला किंवा आंबोली घाटाच्या चढावर मोजावी लागते. हेड वाकते, गॅसकेट जाते आणि गाडीतली माणसे भर पावसात रस्त्यावर येतात.

प्रथम एका शब्दाचा विचार करू. ‘इंजिन थंड करणे’ असे आपण म्हणतो, पण ते पुरतेपणी खरे नाही. इंधन जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी स्थूलमानाने एक-तृतीयांश उष्णता धुराबरोबर बाहेर जाते आणि जवळजवळ तितकीच पाण्यावाटे काढून घ्यावी लागते. ती काढली नाही तर धातू विस्तारून पिस्टन अडकतो. उलट इंजिन फारच गार राहिले तर तेल दाट राहते, पेट्रोलचे थेंब सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन नेतात आणि झीज वाढते. म्हणून काम आहे ते उष्णता योग्य मर्यादेत राखण्याचे. पाणी ८० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचेपर्यंत थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट बंद ठेवतो, तो याचसाठी.

आता पट्ट्याचा पंखा पाहू. अमेरिकेत १९४१ पासून मोठ्या संख्येने तयार झालेल्या विलीज जीपमध्ये आणि महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईत जुळवलेल्या तिच्या भारतीय भगिनींमध्ये रचना अगदी साधी आहे. इंजिनाच्या पुढच्या पुलीवरून निघालेला एकच पट्टा डायनामो फिरवतो आणि पाण्याचा पंपही फिरवतो. पंखा त्या पंपाच्याच दांड्यावर बसलेला असतो. म्हणजे हा पंखा इंजिनाच्या वेगाचा ताबेदार आहे; पाणी किती तापले आहे याची त्याला दाद नाही. थंडीच्या पहाटेही तो तितकाच फिरतो. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५०-६० किलोमीटर वेगात समोरचा वाराच बहुतेक काम भागवतो, तेव्हाही तो शक्ती खातच राहतो. पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याला लागणारी शक्ती आठपट होते, हे ध्यानात घेतले म्हणजे ही उधळपट्टी कळते. बाजारपेठेच्या गर्दीत मात्र इंजिन मंद चालते, वारा नसतो, आणि नेमका त्याच वेळी हा पंखाही मंदावतो.

विजेचा पंखा ताबेदार आहे तो उष्णतेचा. पाणी ठरावीक अंशापर्यंत तापले की स्विच जुळतो, निवले की सुटतो. गर्दीत तो पूर्ण जोराने फिरतो, मोकळ्या रस्त्यावर थांबतो. त्याची वीजही अखेर इंजिनातूनच येते, आणि वाटेत काही वायाही जाते. बचत होते ती गरज नसताना तो थांबतो म्हणून.

एवढ्यावरून कोणी विजेच्या पंख्याच्या बाजूने निकाल देईल. पण चारही चाकांना जोर देणारी गाडी ज्या कामासाठी आहे, ते काम पाहा. चिखलात किंवा उभ्या चढावर आपण ‘लो’ गिअर टाकतो. गाडी पायी चालणाऱ्याच्या वेगाने सरकते, पण इंजिन जोरात फिरत असते. म्हणून पट्ट्याचा पंखाही तेथे भरपूर वारा देतो. विजेच्या मोठ्या पंख्याला १० ते २० अँपिअर प्रवाह लागतो, आणि जुन्या डायनामोची ऐपत साधारण २०-२५ अँपिअरची, तीही इंजिन वेगात असताना. पावसाळी रात्री दिवे, वायपर आणि पंखा एकदम चालले तर बॅटरी उतरणारच.

ओढा ओलांडताना पारडे फिरते. पाण्यात बुडालेला पंखा आगबोटीच्या पंख्यासारखा पुढे ओढला जातो, पाती वाकून रेडिएटर फोडू शकतात, आणि उडालेले पाणी प्लगवर जाऊन इंजिन बंद पडते. म्हणून जुने चालक खोल पाण्यापूर्वी पट्टा उतरवीत आणि पलीकडे जाताच, पंप बंद असल्यामुळे, लगेच चढवीत. विजेचा पंखा मात्र एका बटणाने थांबतो.

बिघाडाची तऱ्हाही निराळी आहे. पट्टा ढिला झाला की बहुधा किंचाळतो, तुटण्यापूर्वी त्याला तडे दिसतात. विजेच्या पंख्याचा फ्यूज उडाला किंवा जोड गंजला, तर तो मुकाट्याने थांबतो. आणि पंप पट्ट्यावरच राहत असल्यामुळे, पट्टा तुटल्यावर विजेचा पंखा आपल्याला वाचवील, ही समजूत खोटी आहे. आणखी एक इशारा : जोडणी तशी असेल तर विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होतो, बॅटरीची तार सोडल्याशिवाय तेथे बोटे घालू नयेत.

म्हणून माझे मत असे : गाडीला डायनामो असेल आणि ती घाटात, शेतात राबत असेल, तर पट्ट्याचा पंखा राहू द्यावा. अल्टरनेटर बसवला असेल आणि गाडी मुख्यतः शहरात फिरत असेल, तर विजेचा खुशाल लावावा; मात्र त्याला स्वतंत्र फ्यूज, रिले, हाताचे बटण आणि पंखा बंद पडल्याची सूचना देणारा दिवा हवा. त्याआधी रेडिएटर साफ करून घ्यावा. क्षाराने चोंदलेल्या नळ्यांतून पाणीच वाहत नसेल, तर कोणताही पंखा त्याला निववू शकत नाही. आणि पुष्कळ गाड्या तापतात त्या याच कारणाने.