लिंबूसत्त्वाखाली न्हालेलं बॉम्बर

समुद्राच्या तळाशी ७० वर्षं तग धरलेलं विमान वर काढल्यावर काही महिन्यांत भुगा होऊ शकतं. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यात मुरलेल्या क्लोराइडच्या क्षारांना हवेतला ऑक्सिजन मिळाला की ते पत्रा झपाट्याने पोखरतात. खरी कसोटी क्रेनचं काम संपल्यावर सुरू होते, ती यामुळे.

जर्मन बनावटीचं ‘डॉर्निअर डीओ १७’ हे बॉम्बर या कसोटीचं ठळक उदाहरण. २६ ऑगस्ट १९४० रोजी ब्रिटिश लढाऊ विमानांच्या माऱ्याने ते केंटच्या किनाऱ्याजवळ गुडविन सँड्सवर कोसळलं. विमानातल्या चौघांपैकी दोघे दगावले. वाळूत उलटं पडलेलं हे धूड १० जून २०१३ रोजी वर आलं. या जातीचं दुसरं अखंड विमान जगात उरलेलं नाही.

पुढचा मुक्काम कॉसफर्डचं आरएएफ म्युझियम. तिथे पॉलिहाउससारखे प्लॅस्टिकचे बोगदे उभारून विमानावर कित्येक महिने सौम्य द्रावणाचा फवारा सोडला गेला. द्रावणात होतं चक्क सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व! त्याची आम्लता सोडियम हायड्रॉक्साइडने बेताची ठेवलेली. हे प्रमाण ठरवायला इम्पीरियल कॉलेजच्या शास्त्रज्ञांची मदत झाली. क्षार धुऊन निघाले, शिंपल्यांचे थर सुटे झाले आणि मग ते हलक्या हाताने खरवडून काढले.

नवे पत्रे ठोकून, रंग चढवून विमान चकाचक करायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. आमच्या मते तेच योग्य.