अक्षरांवरून शब्द : इंग्रजी शब्दशोधाच्या रीती

दिलेल्या अक्षरांवरून इंग्रजी शब्द शोधणे हा वरवर पाहता एकच प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात त्यात निदान चार वेगळे प्रश्न दडलेले आहेत, आणि त्यांपैकी कोणता सोडवायचा आहे हे आधी ठरवले नाही तर सगळा शोध भलत्याच वाटेने जातो. सर्व अक्षरे तेवढ्याच वेळा वापरून दुसरा शब्द बनवणे म्हणजे ‘अॅनाग्राम’. हाती आलेल्या अक्षरांपैकी काहींचाच शब्द जुळवणे हा स्क्रॅबल या खेळाचा प्रश्न. तर एकच अक्षर कितीही वेळा वापरण्याची मुभा देणे हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधील ‘स्पेलिंग बी’ या कोड्याचा. दिलेली सर्व अक्षरे ज्यात आहेत, पण सोबत इतरही चालतील, असा शब्द हुडकणे हा चौथा प्रश्न. थट्टेखोर या अर्थाचा ‘फसीशस’ हा शब्द त्याचे आवडते उदाहरण, कारण त्यात ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर याच क्रमाने येतात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत देखणे आहे. शब्दातील अक्षरे वर्णक्रमाने लावली की ‘लिसन’ आणि ‘सायलेंट’ या दोन्ही शब्दांची ई-आय-एल-एन-एस-टी अशी एकच ओळ होते. या ओळीला स्क्रॅबलपटू ‘अल्फाग्राम’ म्हणतात. सगळा कोश एकदाच अशा ओळींनुसार नव्याने लावून ठेवला, की सात भिन्न अक्षरांच्या 5,040 मांडण्या एकेक करून पडताळण्याची गरज उरत नाही. अक्षरे क्रमाने लावायची आणि त्या नोंदीखालचे शब्द वाचायचे. जॉन बेंटली यांच्या ‘प्रोग्रॅमिंग पर्ल्स’ (1986) या पुस्तकात ही रीत मांडलेली आहे.

गंमत अशी की हीच युक्ती तीन शतकांपूर्वी नेमक्या उलट हेतूने वापरली गेली होती. रॉबर्ट हुक याने 1676 साली स्थितिस्थापकतेचा आपला नियम उघड न करता त्याच्या लॅटिन वाक्यातील चौदा अक्षरे तेवढी वर्णक्रमाने छापली आणि उकल 1678 मध्ये दिली; शोधावरचा हक्क राखायचा, पण शोध सांगायचा नाही, असा तो डाव होता. क्रम पुसला की अर्थ हरवतो, म्हणून ती ओळ हुकला कुलूप म्हणून उपयोगी पडली. आणि क्रम पुसल्यामुळेच सर्व मांडण्या एका नोंदीत गोळा होतात, म्हणून शब्द शोधणाऱ्याला तीच किल्ली ठरते.

स्क्रॅबलचा उगमही अक्षरांच्या मोजणीत आहे. महामंदीत बेकार झालेले अमेरिकी वास्तुरचनाकार अल्फ्रेड बट्स यांनी वृत्तपत्रांत कोणते अक्षर किती वेळा येते हे मोजून 1930 च्या दशकात हा खेळ रचला, आणि 1948 मध्ये जेम्स ब्रूनो यांनी त्याला आजचे नाव दिले. शंभर ठोकळ्यांत ‘ई’चे बारा आणि ‘क्यू’ व ‘झेड’चा एकेकच, ही वाटणी त्या मोजणीला धरूनच आहे. खेळाडूच्या हाती सात ठोकळे असतात आणि ते सातही एका डावात लागले तर 50 गुण जादा मिळतात. म्हणून मुरलेले खेळाडू सुटे शब्द पाठ न करता एस-ए-टी-आय-एन-ई यांसारखे सहा अक्षरांचे गट पाठ करतात आणि सातवे अक्षर कोणते आले की काय बनते हे घोकून ठेवतात. या गटाला ‘आर’ जोडला की ‘रिटेन्स’, ‘रेटिनाज’, ‘नॅस्टिअर’ असे शब्द एकदम समोर येतात.

चौथ्या प्रश्नाला मात्र अल्फाग्राम पुरत नाही, कारण शब्दात आणखी कोणती अक्षरे असतील हे ठाऊक नसते. तेथे प्रत्येक अक्षराची स्वतंत्र सूची ठेवून सर्वांत दुर्मीळ अक्षरापासून सुरुवात करणे शहाणपणाचे. ‘क्यू’, ‘झेड’ आणि ‘ई’ हवे असतील तर ‘ई’च्या अफाट सूचीत शिरण्याऐवजी ‘क्यू’ची तोकडी सूची चाळावी, मध्य अमेरिकेतील ‘केत्साल’ हा पक्षी तेथे लवकर सापडतो. दुसरी रीत गणिती आहे. ए, बी, सी यांना 2, 3, 5 अशा क्रमाने मूळ संख्या दिल्या, तर ‘कॅब’चा गुणाकार 30 आणि ‘बॅक’चा 930 येतो, 930 ला 30 ने पूर्ण भाग जातो, म्हणजे ‘कॅब’ची सगळी अक्षरे ‘बॅक’मध्ये आहेत. दुबार अक्षरांचा हिशेबही यात आपोआप राहतो, मात्र लांब शब्दांच्या संख्या अवाढव्य होतात. ‘स्पेलिंग बी’ला हा हिशेब नकोच असतो, तेथे सव्वीस अक्षरांसाठी सव्वीस ‘आहे-नाही’च्या खुणा ठेवल्या तरी भागते.

हे सारे सुटसुटीत चालते ते रोमन लिपीतील अक्षरे सुटी असल्यामुळे. मराठी शब्दकोड्याच्या चौकटीत ‘कि’ आणि ‘की’ वेगळे बसतात, जोडाक्षरही एकाच घरात मावते. त्यामुळे मूळ मालाची संख्या सव्वीसवरून शेकड्यांवर जाते.

अर्थ कळणे या शोधाला आवश्यक नाही, याचा सर्वांत ठळक पुरावा न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनी दिला आहे. फ्रेंच बोलता येत नसताना त्यांनी शब्दसूची पाठ करून 2015 मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे जागतिक विजेतेपद मिळवले, आणि 2024 मध्ये स्पॅनिशचेही. सूचीला मात्र पर्याय नाही. इंग्रजीपुरते बोलायचे तर कॉलिन्सच्या 2019 च्या स्क्रॅबल सूचीत 2,79,496 शब्द आहेत आणि उत्तर अमेरिकेची सूची त्याहून बरीच लहान आहे. त्यामुळे तीच सात अक्षरे हाती असूनही कोणते शब्द बनतात याचे उत्तर स्पर्धा कोणत्या सूचीवर खेळली जाते त्यानुसार बदलते.