कार्बनच्या धाग्यांना ठिणगीचं भोक

नाशिकजवळच्या ओझरहून १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘तेजस मार्क-१ए’ लढाऊ विमान झेपावलं. तेजसच्या सांगाड्यात वजनाने सुमारे ४५ टक्के कार्बन फायबरचं कंपोझिट असतं: कार्बनचे धागे आणि त्यांना धरून ठेवणारं इपॉक्सी. त्यात ड्रिलने भोक पाडताना बिट लवकर झिजतं, थर सुटतात.

त्यावर संशोधक ठिणगीची पद्धत, म्हणजे ईडीएम, अजमावतात. सोव्हिएत दांपत्य लाझारेन्को यांनी ती १९४३ मध्ये धातूंसाठी मांडली. वेल्डिंगच्या दुकानात ठिणगी उघड्यावर उडते. इथे ती तेलासारख्या द्रवात, इलेक्ट्रोड आणि वस्तू यांच्यातल्या केसाहून बारीक फटीत. क्षणभर हजारो अंश तापमान होतं आणि कणभर पदार्थ उडून जातो. हत्यार टेकत नाही, दाबही पडत नाही.

अडचण इपॉक्सीची. कार्बन वीज वाहून नेतो, इपॉक्सी नाही. शिवाय ते काहीशे अंशांतच जळतं. करंट वाढवला तर भोक झटपट पडतं, पण कडेचे धागे उघडे पडतात. म्हणून करंट कमी आणि ठिणगी अगदी अल्पकाळ ठेवावी लागते. काचेच्या धाग्यांत वीजच वाहत नाही, तिथे ही पद्धत सरळ चालत नाही.

आयटीआयच्या मुलांनो, मोडक्या कार्बन रॅकेटचा तुकडा मास्क लावून घासा, मल्टिमीटर लावा आणि कार्बन वीज वाहून नेतो याची स्वतः खात्री करून घ्या.