कढीपत्त्यावरची अळी आणि आईचं इंजेक्शन

ये गं बाय, विहिरीमागच्या कढीपत्त्याशी ये. हात लावू नकोस, नुसतं बघ. पानावर पक्षी शिटल्यासारखं दिसतंय ना? ती अळी आहे. मोठी झाली की हिरवीगार होते आणि डिवचली तर डोक्यामागून लालसर शिंगं काढून उग्र वास सोडते. हिचं काळं फुलपाखरू होतं, कॉमन मॉरमॉन. नागाव घे, नाहीतर श्रीवर्धन, वाडीत लिंबू-कढीपत्ता असला की हे आलंच. तू झालीस तेव्हा तुझ्या आईला एक इंजेक्शन दिलं होतं. ते शोधणारा डॉक्टर असल्याच फुलपाखरांचा वेडा होता.

आधी रक्ताचं ऐक. तुझी आई बी निगेटिव्ह, तू बी पॉझिटिव्ह, बाबांसारखी. पॉझिटिव्ह माणसाच्या तांबड्या पेशींवर डी नावाचं एक प्रथिन असतं, निगेटिव्ह माणसाच्या नसतं. आपल्याकडे शंभरात साधारण पाच जण निगेटिव्ह. पोटात असताना बाळाचं रक्त वेगळं, आईचं वेगळं, मध्ये वार. पण बाळंतपणात वार सुटताना बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात जातं. आईच्या शरीराला ते डी परकं वाटतं. ते त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं, पण त्याला वेळ लागतो. तोवर पहिलं मूल बाहेर येऊन खेळायला लागलेलं असतं. मात्र शरीर ती ओळख विसरत नाही. पुढचं बाळ पॉझिटिव्ह असलं की त्या अँटीबॉडी वार ओलांडून आत जातात आणि त्याच्या तांबड्या पेशी फोडतात. बाळ पांढरंफटक पडतं, अंगावर सूज येते. कावीळ इतकी चढते की मेंदूला इजा होते. कधी मूल पोटातच जातं.

पूर्वी पहिलं मूल धडधाकट व्हायचं आणि पुढची एकेक करून जायची. लोक म्हणायचे, बाईची कूसच खोटी. किती जणींनी ते मुकाट्याने ऐकलं असेल! त्यांचा काडीचाही दोष नव्हता. १९४० च्या सुमारास अमेरिकेत लँडस्टायनर, वीनर आणि लेव्हिन यांच्या कामातून खरं कारण कळलं. उपाय सापडायला आणखी वीसेक वर्षं गेली.

इंग्लंडात लिव्हरपूलला सिरिल क्लार्क नावाचे डॉक्टर होते. फावल्या वेळात फुलपाखरं वाढवायचे. आपल्या या मॉरमॉनची गंमत अशी की काही माद्या नरासारख्याच दिसतात, काही हुबेहूब कॉमन रोझ नावाच्या फुलपाखरासारख्या. कॉमन रोझ विषारी, म्हणून पक्षी तिला टाळतात आणि तिची नक्कल करणारीही वाचते. आफ्रिकेतल्या फुलपाखरांतही असली सोंगं आहेत. क्लार्क आणि त्यांचे सहकारी शेपर्ड यांना वाटलं, हे रूप एकमेकांना चिकटलेल्या जनुकांच्या गठ्ठ्यातून येत असणार. आरएच रक्तगटाबद्दलही, म्हणजे या पॉझिटिव्ह-निगेटिव्हबद्दलही, तेव्हा तसंच म्हणत. त्या साम्यामुळे क्लार्क रक्ताकडे वळले. (पुढे २०१४ साली आपल्या कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मॉरमॉनचं सोंग डबलसेक्स नावाच्या एकाच जनुकाच्या हाती आहे. विज्ञान असंच पुढे सरकतं.)

मग एका रात्री क्लार्क यांच्या पत्नीने त्यांना उठवून सांगितलं, आईला तयार अँटीबॉडीच द्या. ऐकायला उफराटं, नाही का? ज्या अँटीबॉडी बाळाला मारतात, त्याच आईला टोचायच्या! पण युक्ती अचूक होती. बाहेरून आलेल्या अँटीबॉडी बाळाच्या त्या पेशी परस्पर निकालात काढतात, आईच्या शरीराला डीची ओळखच होत नाही आणि काही महिन्यांत त्या स्वतःही नाहीशा होतात. न्यूयॉर्कमधले संशोधकही स्वतंत्रपणे इथेच पोचले होते. १९६८ पासून हे औषध, अँटी-डी, मिळू लागलं. बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत द्यायचं. गर्भपात झाला तरी डॉक्टरांना विचारायचंच. तुझ्या आईला ते वेळेवर मिळालं. तुझा भाऊही पॉझिटिव्ह, आणि बघ कसा अंगणभर धुडगूस घालतोय!

हे औषध माणसाच्याच रक्तातून काढतात. ऑस्ट्रेलियात जेम्स हॅरिसन नावाचे गृहस्थ होते. चौदाव्या वर्षी छातीच्या ऑपरेशनला त्यांना दुसऱ्यांचं रक्त लागलं, तेव्हाच त्यांनी ठरवलं की मोठं झाल्यावर आपणही द्यायचं. त्यांच्या रक्तात अँटी-डी भरपूर निघालं. २०१८ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी, नियमाने त्यांना थांबावं लागलं, तोवर त्यांनी १,१७३ वेळा रक्तदान केलं होतं.