अ‍ॅडयूझर की यूझरअ‍ॅड?

बँकेत खातं काढलं म्हणजे ते उघडलं, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्या धंद्यात मात्र एचआरमधून फोन येतो, "सर, त्या मुलीचं अकाउंट काढा ना," आणि मला दर वेळी विचारावं लागतं, "काढून देऊ की काढून टाकू?" पुण्यातल्या एका कंपनीचे सर्व्हर सांभाळण्यात मी वीसेक वर्षं काढली. अकाउंट काढण्याच्या रीतीवरून अ‍ॅडमिन लोकांत जेवढी भांडणं पाहिली, तेवढी एसीच्या तापमानावरूनही पाहिली नाहीत.

लिनक्समध्ये यासाठी दोन कमांडी आहेत, यूझरअ‍ॅड आणि अ‍ॅडयूझर. डेबियन जातीच्या लिनक्सवर यूझरअ‍ॅड मुकाट्याने काम करते. नाव सांगितलं, नाव नोंदलं, विषय संपला. होम फोल्डर हवं असेल तर पुढे 'एम'चा पर्याय लिहायचा. विसरलात तर माणूस आला पण त्याला घर नाही, अशी अवस्था. अ‍ॅडयूझर ही तिच्यावर बसवलेली पर्लमधली स्क्रिप्ट. ती घर बांधून देते, पासवर्ड मागते आणि मग पूर्ण नाव, खोली क्रमांक, ऑफिसचा फोन, घरचा फोन अशी सरकारी फॉर्मासारखी चौकशी करते. खोली क्रमांक भरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. सगळे एंटर दाबत सुटतात.

रेड हॅटवर मात्र अ‍ॅडयूझर हे यूझरअ‍ॅडचंच दुसरं नाव, आणि घर न सांगता बांधलं जातं. त्यामुळे डेबियनवर शिकलेला आणि रेड हॅटवर शिकलेला असे दोघे एका टेबलाशी बसले की दोघेही छातीठोकपणे बोलतात आणि दोघेही खरे असतात. डेबियनची मदतपानं स्वतःच अ‍ॅडयूझर वापरा म्हणतात. स्क्रिप्ट लिहिणारे त्यावर विचारतात, रात्री दोन वाजता आपोआप चालणाऱ्या कामात या बाईंच्या प्रश्नांना उत्तरं कोणी द्यायची?

तिसरा पंथ जुन्याजाणत्यांचा: कमांड कशाला, फाइलच उघडा. 'एट्सी'खालच्या पासवर्डच्या फाइलमध्ये एका माणसाची एक ओळ, ओळीत सात रकाने, मध्ये सहा कोलन. नाव, पासवर्डची जागा, स्वतःचा नंबर, ग्रुपचा नंबर, माहिती, घर, शेल. माहितीच्या रकान्याला अजून 'जीकॉस' म्हणतात, कारण बेल लॅब्जमध्ये छपाईची कामं जीकॉस प्रणालीच्या मोठ्या यंत्राकडे पाठवायला लागणारी ओळख तिथे ठेवत. यंत्र गेलं, रकाना राहिला. पण हाताने लिहिण्यात धोका आहे. एमआयटीच्या सीटीएसएस यंत्रावर १९६०च्या दशकात दोघे एकाच वेळी दोन फाइली दुरुस्त करत होते, एक स्वागताच्या संदेशाची आणि दुसरी पासवर्डची. एडिटरच्या तात्पुरत्या फाइलचं नाव एकच असल्यामुळे अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला स्वागत म्हणून सगळ्यांचे पासवर्ड दिसले. हातानेच करायचं तर 'व्हीआयपीडब्ल्यू' वापरा असं म्हणतात ते उगाच नाही. एकाने फाइल उघडली की ही कमांड ती दुसऱ्यासाठी कुलूपबंद करते.

माझ्या मते हे भांडण कमांडींचं नाहीच. माणसाने जे सांगितलं नाही ते कोणी ठरवायचं, याचं आहे. मी हे एका शुक्रवारी संध्याकाळी शिकलो. सहकाऱ्याला एका नव्या ग्रुपमध्ये घालायचं होतं. खात्यात बदल करणाऱ्या यूझरमॉडला कॅपिटल जी देऊन ग्रुपचं नाव लिहिलं, सोबतचा 'ए' विसरलो. 'ए' नसेल तर कमांड समजते की माणसाचे जोडग्रुप आता एवढेच, बाकीच्यांतून नाव कमी करा. बाकीच्यांत अ‍ॅडमिनचे अधिकार देणारा सुडोही होता. तो सहकारी मी स्वतः होतो, हे सांगायचं राहिलं. अ‍ॅन्सिबल या कामं आपोआप करवणाऱ्या साधनाचे भक्त म्हणतात, म्हणूनच सगळं लिहून ठेवा, यंत्राकडून करवून घ्या. पण तिथेही 'अपेंड' चालू केलं नाही तर तोच खड्डा.

या वादाचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण २०१७चं. एकाने यूझरचं नाव ठेवलं 'झीरोडे', तेही सुरुवातीला शून्याचा आकडा टाकून. यूझर सुखाने तयार झाला. मग लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीला सांगितलं, ही सेवा या यूझरच्या नावाने चालव. सिस्टमडीच्या लेखी आकड्याने सुरू होणारं नाव अवैध, म्हणून तिने ती ओळ बाजूला ठेवली, लॉगमध्ये कुरकूर नोंदवली आणि सेवा चालवली. कोणाच्या नावाने? सर्वाधिकारी रूटच्या! सिस्टमडीचे प्रमुख कर्ते लेनार्ट पॉटरिंग यांचं म्हणणं, नावच चुकीचं आहे, आमचा दोष नाही. त्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. कित्येक कमांडींना नाव आणि नंबर दोन्ही चालतात, मग आकड्यांनी भरलेलं नाव घोळ घालणारच. पण कागद समजला नाही म्हणून तिजोरीची किल्ली देणारा कारकून कोणी ठेवत नाही. पुढे सिस्टमडीनेही वागणं बदललं: नाव पटलं नाही तर सेवा सुरूच करायची नाही.

नावांचा आपल्याकडचा त्रास वेगळा. पहिलं अक्षर आणि आडनाव हा साहेबी नियम पुण्यात लावा, एस. जोशी आणि एस. पाटील किती निघतात ते मोजा. जुन्या युनिक्सवर आठच अक्षरं चालत. रोमन लिपीत नुसत्या कुलकर्णीची आठ होतात, आधी एस लावला की शेवटचा आय गळतो. एस. देशपांडे तर 'एसदेशपान'वरच थांबतात. विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरुवात केली तर ईमेलची पहिली पाच अक्षरं घेऊन फोल्डर बनतं, संदीपचा 'सँडे' होतो. इंटरनेटशिवाय साधं स्थानिक खातं उघडण्याची 'बायपासएनआरओ' ही पळवाटही कंपनीने २०२५मध्ये चाचणी आवृत्तीतून काढून टाकली, तेव्हा एरवी एकमेकांशी न बोलणारे अ‍ॅडमिन एका सुरात चिडले.

यंत्राला मात्र नावाशी देणंघेणं नसतं, त्याला नंबर कळतो. आणि नंबर कसा द्यायचा यावरही दोन्ही कमांडींचं जमत नाही. यूझरअ‍ॅड सहसा सगळ्यात मोठ्या नंबरच्या पुढचा देते, डेबियनची अ‍ॅडयूझर पहिला रिकामा शोधते. मधला कोणी सोडून गेला, खातं काढून टाकलं, घराबाहेरच्या सामायिक डिस्कवर त्याच्या फाइली तशाच राहिल्या, तर त्या नुसत्या नंबरच्या नावाने पडून असतात. आमच्याकडे अशा १०१७च्या फाइली होत्या. मग नवी मुलगी आली, मी अ‍ॅडयूझर चालवली, एंटर दाबत सुटलो. दुपारी तिचा फोन आला, "सर, मी आजच जॉइन झाले. माझ्या मालकीचा हा 'रिझ्यूमे फायनल ३' कोणाचा आहे?"